वाफेवर

मागच्या मे महिन्यात आईच्या गुडघ्याचा नवीन एक्स-रे काढायला आम्ही दोघी पुण्यात कोथरूडहून नगर रोडला निघालो होतो. ती मागच्या सीटवर, कारण पुढे बसलं की पाय नीट लांब करता येत नाही म्हणते. सकाळचे साडेअकरा, ऊन चाळिशीला टेकलेलं, आणि नळस्टॉप मागे पडलं तेव्हा समोरच्या पडद्यावर ॲव्हरेज दिसत होतं २४.८. मला एकदम वाटलं आज पंचवीस पार होणार, नुसतं पार नाही, चांगलं पार. मग काय, एसी बंद केला आणि माझ्या बाजूची काच चार बोटं खाली घेतली. आईला काही बोलले नाही, तीही काही बोलली नाही. संगम पुलाच्या आसपास मागून एक आवाज यायला लागला, पातळ पत्रा हलवल्यासारखा, डबक डबक, मधेच थांबायचा, परत सुरू. मला वाटलं डिकीत काहीतरी सुटलंय. स्पीडब्रेकरवर वाजतो का, वळणावर वाजतो का, असं कान देऊन ऐकत ऐकत बंडगार्डनचा पूल ओलांडला, पोचलो, गाडी बंद केली आणि त्या फेरीचा आकडा आला, २६.३! मी अक्षरशः ओरडले, आई, सव्वीस पॉइंट तीन! मागे वळून बघते तर आईच्या हातात जुन्या एक्स-रेचं ते भलंमोठं खाकी पाकीट, आणि ती त्याने वारा घेतेय. आवाज त्या फिल्मचा होता. तिच्या बाजूची काच पूर्ण बंद. भाचा राहून गेला तेव्हा मागच्या काचांचं लॉक मी माझ्या दारावरून लावलं होतं ते काढलंच नव्हतं, म्हणजे तिने बटण दाबून बघितलं जरी असतं तरी उपयोग नव्हता.

"चांगलं आहे की," ती म्हणाली, आणि पदराने मान पुसत उतरली.

तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर मला झापलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. आईने झापलं नाही म्हणून तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली गाडी, घेण्याआधी मी अशी नव्हते हो. आधीची गाडी डिझेलची, ती काय देते ते मला धड माहीतही नव्हतं, टाकी खाली गेली की पंपावर जायचं, बस. पण या गाडीत समोर सारखं काहीतरी हलत असतं. डावीकडे एक काटा, तो चार्ज, इको, पॉवर असा फिरतो, मधे नुसत्या मोटरवर चालली की हिरव्या रंगात ईव्ही लागतं आणि जातं, बॅटरीच्या पट्ट्या चढतात उतरतात, आणि या सगळ्याच्या खाली तो आकडा, दशांश चिन्हासकट. दशांश चिन्ह हाच खरा घोळ आहे. चोवीस म्हटलं की चोवीस, पण २४.८ म्हटलं की माणसाला पुढचे दोन पॉइंट खुणावतात. शाळेत एकोणऐंशी टक्क्यांवर अडकलेल्या मुलीला जसं होतं तसं.

त्यात सोसायटीत कोणीही भेटलं तरी प्रश्न एकच, किती देते? टोयोटाची हायरायडर असो की मारुतीची ग्रँड व्हिटारा, स्ट्राँग हायब्रिडमध्ये आतलं यंत्र एकच आणि कागदावरचा आकडाही एकच, लिटरला २७.९७. आणि गंमत म्हणजे हा आकडा ज्या संस्थेच्या नावाने सांगतात ती एआरएआय, गाड्यांच्या चाचण्या घेणारी, आमच्याच डोक्यावर आहे. कोथरूडकर ज्या टेकडीवर रोज सकाळी पाय मोकळे करायला जातात, तिला कोणी वेताळ टेकडी म्हणतं, कोणी सरळ एआरएआय टेकडी. मी वर्षानुवर्षं त्या कुंपणाशेजारून चालत गेलेय, आत नेमकं काय चालतं याचा विचार न करता. ही चाचणी रस्त्यावर होतच नाही मुळी. गाडी रोलरवर उभी, चाकं जागच्या जागी फिरतात, चालवणाऱ्यासमोर पडद्यावर वेगाची एक रेघ असते आणि त्याने फक्त ती रेघ गिरवायची. एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद. साडेदहा किलोमीटरच्या थोडं वर अंतर, जास्तीत जास्त वेग ९०, एसी बंद. त्या एकोणीस मिनिटांत पौड फाट्याला रॉंग साइडने येणारी स्कूटी नाही, मधेच थांबून प्रवासी घेणारी रिक्षा नाही, पाऊस नाही, मागे बसलेली आई नाही. मला वर्षभराचा हिशोब केला तर टाकी ते टाकी बावीस साडेबावीस पडतं आणि पडदा त्याच्याहून एक दीड जास्तच दाखवतो, म्हणजे गाडीसुद्धा थोडं मन राखून बोलते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि तेवढ्याच इथेनॉलात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे थोडं तिथेही जातं. असो. फसवणूक वगैरे म्हणायचं नाहीये मला, ती एक परीक्षा आहे आणि सगळ्या गाड्यांना एकच पेपर आहे एवढंच. पण त्या अठ्ठावीसच्या आसपास एकदा तरी पोचायचं, हे मी कधी मनात घेतलं ते मलाच कळलं नाही.

सुरुवातीचे दोन महिने तर मी सगळंच उलटं केलं. मला वाटायचं ईव्हीची हिरवी अक्षरं जितका वेळ दिसतील तितका फायदा. म्हणून ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवायचा जसं काही खाली अंडं आहे, इंजिन जागं होऊ द्यायचंच नाही. कर्वे रोडला वीसच्या स्पीडने, मागे हॉर्नचा सनई-चौघडा. आणि मग चौकात लाल सिग्नलला शंभर सेकंद उभं राहिलं की बॅटरीच्या दोनच पट्ट्या उरलेल्या, एसीचा कॉम्प्रेसर त्याच बॅटरीवर चालतो, त्यामुळे इंजिन आपोआप सुरू, आणि आपण जागेवर उभे असताना पेट्रोल जाळून बॅटरी भरतोय. त्या बॅटरीचा जीव तरी केवढा, पाऊण युनिट. घरातला दोन किलोवॉटचा गिझर तिला तेवीस मिनिटांत संपवेल, आणि त्यातलीही सगळी गाडी आपल्याला वापरू देत नाही. ही विजेवर चालणारी गाडी नाहीच, पेट्रोलवरच चालते, फक्त खिशात थोडी चिल्लर ठेवते. हे डोक्यात शिरायला मला दोन महिने लागले. आता मी सिग्नल सुटला की इंजिनाला खुशाल लागू देते, पाय जरा रेटूनच चाळीस-पंचेचाळीसपर्यंत जाते, मग पाय उचलते, अगदी हलका परत टेकवते, इंजिन गप्प होतं आणि गाडी नुसती वाहत राहते. असं वाहणं, परत थोडं रेटणं, परत वाहणं. ओंकारेश्वराच्या बाजूने नदीकडेच्या रस्त्याला रात्री दहानंतर हे असं काही जमतं की बास, आवाज नाही, गचका नाही, फक्त टायरचा खसखसाट.

आणि ब्रेक. ब्रेकबद्दल तर लोकांचा मोठाच गैरसमज आहे. ब्रेक मारला की बॅटरी चार्ज होते, मग काय, मारा ब्रेक! माझ्या नणंदेने तर मला विचारलंच, मग तू मुद्दाम जास्त ब्रेक मारतेस का? मी तिला म्हटलं, उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करता येतो म्हणून कोणी मुद्दाम दुप्पट भात लावतं का? एकदा पेट्रोल जाळून गाडीला वेग दिला, तो मोटरने परत पकडून बॅटरीत घातला, परत बॅटरीतून काढून चाकाला दिला, प्रत्येक खेपेला थोडं थोडं सांडतंच. शिवाय जोरात ब्रेक दाबला तर मोटरला तेवढं पकडता येत नाही, मग नेहमीसारख्या डिस्क आणि पॅड घासतात आणि सगळी उष्णता हवेत. म्हणून लांबून, हळू, काटा चार्जच्या पट्ट्यात राहील एवढाच दाबायचा. चांदणी चौकातून भुसारी कॉलनीकडे उतरताना हे इतकं छान जमतं, खाली येईपर्यंत पट्ट्या चढलेल्या असतात. आणि सिग्नलला उभं राहताना जुन्या सवयीने न्यूट्रल टाकायचा मोह व्हायचा तो मी सोडला, न्यूट्रलमध्ये ही गाडी बॅटरी चार्ज करतच नाही. डी मध्ये ठेवून ब्रेकवर पाय, एवढंच. बाकीच्या गोष्टी सगळ्यांनाच माहीत असतात आणि कोणीच करत नाही, दाराच्या खांबावर स्टिकर असतो तेवढीच हवा आणि ती गार टायरला, डिकीत तीन महिने फिरणारं रद्दीचं गाठोडं उतरवणं, आणि दीड किलोमीटरवरच्या भाजीला गाडी न नेणं. त्या भाजीच्या फेरीला गार इंजिन गरम होईपर्यंत आपण परत घरी आलेलो असतो, तेरा-चौदाच्या वर आकडा जात नाही. मी आता भाजीला चालत जाते. तब्येतीसाठी म्हणून सांगते, खरं कारण आकडा खराब होतो हे आहे.

हे सगळं मला समजावून सांगणारा कोणी गाडीवाला इंजिनिअर नव्हता. साताऱ्याचा मामा होता. मामा एसटीत ड्रायव्हर, बत्तीस वर्षं नोकरी, स्वारगेट, महाबळेश्वर, खंबाटकी, पसरणी, सगळे घाट कोळून प्यायलेला. दिवाळीत आला तेव्हा मोठ्या हौसेने शेजारी बसवून फिरवून आणलं त्याला. तो आधी कितीतरी वेळ गप्प. मग म्हणाला, "गाडी बोलतच न्हाय की ही." लाकडी पूल ओलांडताना मी पडद्याकडे बघितलेलं त्याने बरोबर पकडलं. "आगं, घड्याळ बघून गाडी चालवतीस का रस्ता बघून?" मी त्याला सांगितलं की हे ॲव्हरेज आहे, वगैरे. तो हसला. म्हणाला, "आमाला बी हुतं की, के.पी.टी.एल." दहा लिटरला किती किलोमीटर, हे एसटीचं माप. डेपोत बोर्डावर प्रत्येकाचा आकडा लागायचा म्हणे, आणि मामाचा अठ्ठेचाळीसच्या खाली कधी यायचा नाही. बावन्न माणसं, टपावर पोती, कोंबड्यांच्या पाट्या. पडदा नाही, काटा नाही, हिरवी अक्षरं नाहीत. मी विचारलं, कसं जमायचं? तर तो म्हणाला, म्होरच्या गाडीकडं बघायचंच न्हाय, तिच्या म्होरच्या गाडीकडं बघायचं. तिचा ब्रेकलाइट लागला की आपण पाय उचलायचा. "ब्रेक दाबला की डिझेल सांडलं समज. आधीच बघितलं असतंस तर दाबाया लागला नसता." आणि घाटात मात्र काटकसर नाही, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणारे दोन जण त्याने आयुष्यात बघितले, दोन्ही दरीत. त्याच्या या एका वाक्याने, म्हणजे पुढच्याच्या पुढच्याकडे बघायच्या, माझा आकडा दीडने वाढला. हवा, एसी, इको मोड, या सगळ्यांनी मिळून तेवढा नाही वाढवला.

पण मामा ज्या घरातला, आईही त्याच घरातली ना. ते मला फार उशिरा लक्षात आलं. आईचा कुकर बघितलाय मी लहानपणापासून. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. आम्ही ओरडायचो, अगं डाळ कच्ची राहील, ती म्हणायची, राहू दे, वाफेवर होते. आणि व्हायची. दूध वर यायच्या दोन सेकंद आधी बंद, बाकीचं ते आपलं आपण तापतं. पोळ्या झाल्या की तव्याच्या उरल्या धगीवर पापड, शेंगदाणे, आणि शेवटी गार होता होता लिंबाची सालं वाळवायची. हे सगळं मी आज गाडीत करते, इंजिन बंद करून वाफेवर जाते, फक्त तिच्याकडे पडदा नव्हता. अर्थात तिच्याकडे कालनिर्णय होतं. सिलिंडर लावला की त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात ‘गॅस’. पुढचा लावला की मागचा चौकोन बघायचा, मोजायचं, आणि जाहीर करायचं, एक महिना अकरा दिवस. पाहुणे येऊन गेले असतील तर एक महिना दोन दिवस, आणि मग ते पाहुणे कोण होते हेही जाहीर व्हायचं. टाकी ते टाकी हिशोब मी इंटरनेटवरून शिकले असं मला वाटत होतं. तो आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला खिळ्यावर लटकत होता.

पण एक फरक आहे, आणि तो मला त्या एक्स-रेच्या दिवसापासून टोचतो. आई जेव्हा गॅस वाचवायची तेव्हा ओट्याशी तीच उभी असायची. डाळ बोटचेपी राहिली तर ती स्वतःच्या ताटात घ्यायची. मामा डिझेल वाचवायचा ते पाय दुखवून, नजर ताणून, आणि मागे बसलेल्या बावन्न माणसांना काही कळायचंच नाही, कळलंच तर एवढं की आज गचके कमी बसले. आणि मी? मी माझ्याकडची काच चार बोटं खाली घेतली होती. नंतर एकदा झोप येईना म्हणून मोबाइलवर गणित केलं. १४ किलोमीटर, नेहमीचे २३ धरले तर इतकं पेट्रोल, २६.३ ने इतकं, फरक पाऊण डेसिलिटरच्या आसपास, म्हणजे अर्धा कप चहा. लिटरला शंभराच्या वर भाव धरून साधारण आठ रुपये.

आठ रुपये.

महिन्याला नऊशे किलोमीटर होतात माझे, बावीसचे पंचवीस झाले तर पाचेक लिटर वाचतं, म्हणजे पाचशे रुपये, ते काही अगदीच सोडून देण्यासारखे नाहीत. धूर कमी हेही खरं, चौकात इंजिन बंद असलेली गाडी म्हणजे शेजारच्या स्कूटरवाल्याच्या नाकाला तेवढाच आराम. मी हे सगळं पटवून देऊ शकते, स्वतःला तर फारच छान देते. पण मागे हॉर्न वाजवणाऱ्यांचंही पटतं मला हल्ली. मी लाल सिग्नलकडे दीडशे मीटरवरून तरंगत जाते तेव्हा माझ्या मागच्या रिक्षावाल्याला डावीकडे वळायचं असतं आणि ते वळण मोकळं असतं, त्याची रिक्षा सीएनजीची, त्याचा दिवस भाड्यावर. एकदा एकजण शेजारी येऊन म्हणाला, "ताई, ढकलू का?" हसले मी, पण आता मागच्या आरशात इंडिकेटर दिसला की तरंगायचं सोडते. मामा पुढच्याच्या पुढच्याकडे बघ म्हणाला होता. मागच्याकडे बघ असं त्याला वेगळं सांगावं लागलं नसावं, एसटी ड्रायव्हरला आरसा म्हणजे अर्धी गाडी.

एसी आता २५ वर असतो, आई असली तर असतोच. सुरुवातीचा गरम वाफारा काच खाली करून बाहेर घालवायचा आणि मग लावायचा, त्याने कॉम्प्रेसरचा भार हलका होतो, एवढी काटकसर ठेवलीय. काचांचं लॉक काढलं. गुडघ्याच्या पुढच्या तपासणीला परत तोच रस्ता, तेच चौक, २२.१ पडलं, मी आकडा मोठ्याने वाचला नाही. आईनेच विचारलं, आज किती? मी म्हटलं बावीस. ती "हं" म्हणाली. त्या "हं" मध्ये काय होतं ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. काळजी होती का जरा नाराजी, की पोरगी ढिली पडली म्हणून?

परवा सिलिंडर संपला. आई आत पोळ्या लाटत होती, हात पिठाचे, मला म्हणाली मागचा कधी लावला बघ गं. कालनिर्णयची पानं मागे मागे उलटत गेले. दुधाचे खाडे, लाइटबिल, गुरुवारी पाणी नाही, गॅस, भाचीचं बारसं, परत गॅस. हवी ती तारीख मिळाली तरी हात थांबला नाही, मे महिना आला. त्या दिवशीच्या चौकोनात, तिच्या त्या मुंगीच्या पायांसारख्या अक्षरात, तीन ओळी.

गुडघा एक्स-रे.
गाडी २६.३.
ऊन फार.

"सापडली का तारीख?" आतून आवाज आला.

"हो," म्हटलं, "थांब, मोजतेय."